‘रोजे धरू नका’ एवढ्याने भागत नाही

मगरिबच्या अजानला अजून वीस-पंचवीस मिनिटे असतात. घरात दस्तरखान अंथरलेला असतो. खजूर, कापलेले कलिंगड, सरबताचा जग, गरम भज्यांची परात. लहान मुले एकदा घड्याळाकडे आणि एकदा भज्यांकडे बघत असतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या अब्बांच्या कपाळावर मात्र घाम आलेला असतो. हात थरथरतात, बोलणे किंचित जड झालेले असते. सून विचारते, ‘‘अब्बा, बरे वाटत नाही का?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘काही नाही बेटा, थोडाच वेळ राहिलाय.’’

मधुमेह होऊन बारा वर्षे झालेल्या या माणसाच्या रक्तातली साखर त्या घटकेला किती खाली गेली आहे, हे घरात कोणालाच माहीत नसते. साखर तपासायचे मशीन कपाटात असते. पण बोटाला सुई टोचून रक्त काढले तर रोजा तुटेल, अशी सगळ्यांचीच समजूत.

रमजानमध्ये असे एखादे घर प्रत्येक मोहल्ल्यात सापडते. बहुतेक दिवशी अजान होते, खजूर तोंडात पडतो आणि वेळ निभावून जाते. एखाद्या दिवशी निभावत नाही. मग रिक्षा, दवाखाना, सलाईन आणि बाहेरच्या बाकावर बसलेली, रोजा सोडायचेही भान न उरलेली घरची माणसे.

या अब्बांना डॉक्टरांनी सांगितले नव्हते का? सांगितलेले असते. ‘‘तुम्हाला शुगर आहे, रोजे धरू नका.’’ एका वाक्यात. अब्बांनीही मान हलवलेली असते. पण त्या दिवसानंतर ईद होईपर्यंत ते त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. रोजे तर धरायचेच आहेत, मग उगाच बोलणी कशाला खायची? गोळ्या कधी घ्यायच्या हे ते स्वतःच ठरवतात. सकाळची इफ्तारला, रात्रीची सहेरीला. कोणी दिवसभर उपाशी राहायचेच आहे म्हणून महिनाभर गोळ्या बंदच ठेवतो.

म्हणजे सल्ला बरोबर होता, हेतू चांगला होता आणि परिणाम उलटा झाला. ज्या महिन्यात रुग्णाला डॉक्टरांची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच महिन्यात दोघांमधले बोलणे बंद पडते.

गोष्ट थोड्या लोकांची नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा आजार धर्म, जात, गल्ली विचारून येत नाही. त्यामुळे रोजेदारांमध्येही मधुमेही मोठ्या संख्येने असणार हे उघड आहे.

ते रोजे धरतात का? २००१ साली तेरा देशांत मिळून १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. ‘एपिडायर’ या नावाने ती ओळखली जाते आणि त्या तेरा देशांत भारतही होता. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे सहसा मोठ्या वयात जडणाऱ्या प्रकारातल्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी महिन्यात किमान पंधरा रोजे धरले होते. पहिल्या प्रकारात, जिथे इन्सुलिनशिवाय चालतच नाही, तिथेही सुमारे ४३ टक्के जणांनी. आणि दुसऱ्या प्रकारातल्या रुग्णांमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसात पट आढळले.

ही माणसे अडाणी किंवा हट्टी आहेत, असे म्हणून सुटता येणार नाही. तेरा देशांतली बहुसंख्य माणसे एकच गोष्ट करत असतील, तर तिच्यामागचे कारण समजून घ्यायला हवे.

धर्माने दिलेली सवलत का घेतली जात नाही?

रोजा म्हणजे पहाटे फजरच्या आधीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. पण तो प्रत्येकावर सारखा लादलेला नाही. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, जिथे रोजाचा हुकूम आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलतही आहे. बरे झाल्यावर त्यांनी तेवढे रोजे नंतर पूर्ण करायचे. त्याला कजा म्हणतात. ज्याला ती आशा उरलेली नाही, अशा वृद्धाने किंवा कायमच्या आजारी माणसाने प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालायचे, तो फिदिया. अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, अडचण नको, हा त्या आदेशाचा आशय आहे.

मग अब्बा ही सवलत का घेत नाहीत? त्यांना कोणी निवांत बसवून विचारले, तर उत्तरे मिळतात. चाळीस वर्षांत एक रोजा चुकलेला नाही, आता का चुकवू? सगळे घर पहाटे उठून सहेरी करते, मी एकट्याने अंथरुणात पडून राहायचे? दुपारी सुनेला ‘जेवायला वाढ’ म्हणायचे, तर तिचाही रोजा असतो, कोणत्या तोंडाने म्हणू? मशिदीत कोणी विचारले, तर काय सांगू? आणि सर्वांत शेवटी, हळू आवाजात, ‘‘पुढच्या रमजानला असेन की नाही, कोणी पाहिलेय?’’

यातल्या एकाही उत्तरात साखर नाही. गोळी नाही. डॉक्टर साखरेबद्दल बोलत होते आणि अब्बा आपल्या आयुष्याबद्दल. दोघे एकमेकांसमोर बसून दोन वेगळ्या विषयांवर बोलत होते.

सवय बदलायची, तर आधी तीन प्रश्न

आरोग्याच्या सवयी कशा बदलतात, हा आता अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक मांडणी केली. सवयी बदलण्याच्या आधीच्या १९ पद्धती तपासून त्यांनी ती तयार केली होती. तिचे सार कोणत्याही गृहिणीला पटेल इतके सरळ आहे. माणसाने एखादी गोष्ट करावी असे वाटत असेल, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ती करण्याची त्याची क्षमता हवी, म्हणजे अंगात बळ आणि डोक्यात माहिती. ती करायची संधी हवी, म्हणजे वेळ, साधने आणि आजूबाजूच्या माणसांची साथ. आणि ती करायची इच्छा हवी. तिन्हींपैकी कुठे अडते आहे ते आधी शोधायचे, उपाय नंतर ठरवायचा.

आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होते. अडले कुठे ते न पाहता सगळा भर इच्छेवर दिला जातो. भीती घातली जाते, ओरडले जाते, भिंतीवर भयंकर चित्रे लावली जातात. अब्बांचीच तपासणी या तीन प्रश्नांनी करून पाहावी. तब्येत सांभाळायची इच्छा नाही असे नाही; नातीचे लग्न बघायचे आहे. पण रोजा राखण्याची इच्छा त्याहून मोठी आहे. क्षमतेत मात्र छिद्रे आहेत. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही उपवासाची नेहमीची लक्षणे नसून साखर उतरल्याची खूण आहे, हे त्यांना माहीत नाही. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात, तेही त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. रात्रीची मात्रा जशीच्या तशी सहेरीला घेतली, तर ती पुढचे कित्येक तास रिकाम्या पोटावर काम करत राहते, हेही त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि संधी? घर, मशीद, दवाखान्याच्या वेळा, सगळी रचना तब्येत ठीक असलेल्या रोजेदारासाठी आहे.

दुखणे क्षमतेत आणि संधीत. औषध मात्र इच्छेवर चोळले जाते.

लंडनमधला एक प्रयोग

लंडनमधल्या काही डॉक्टरांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. त्यांच्याकडे येणाऱ्या मुस्लिम मधुमेहींना त्यांनी रोजे सोडायला लावले नाहीत. रमजान सुरू होण्याआधी एक शिकवणी ठेवली. इफ्तारला आणि सहेरीला काय खावे, हालचाल किती करावी, साखर केव्हा तपासावी, ती उतरल्याची खूण कोणती, गोळ्यांची वेळ आणि मात्रा कशी बदलावी, एवढेच विषय. ‘रीड’ नावाच्या या कार्यक्रमाचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला.

त्यात १११ रुग्णांची तुलना होती. निम्मे शिकवणीला आलेले, निम्मे न आलेले. रमजानच्या आधी दोन्ही गटांत साखर उतरण्याच्या प्रत्येकी ९ घटना घडल्या होत्या. रमजानमध्ये शिकलेल्या गटात त्या ५ वर आल्या. न शिकलेल्या गटात ३६ झाल्या. शिकलेल्या गटाचे वजन सरासरी ७०० ग्रॅमने घटले, दुसऱ्या गटाचे ६०० ग्रॅमने वाढले.

अभ्यास छोटा होता, आणि शिकवणीला आलेली माणसे मुळातच थोडी अधिक काळजी घेणारी असतील, असे म्हणता येईल. तरी ९ वरून ५ आणि ९ वरून ३६ हा फरक विचार करायला लावतो. दोन्ही गटांनी रोजे धरले होते. दोन्हींची श्रद्धा तीच होती. बदलले होते ते फक्त ज्ञान आणि आधीची तयारी.

पुढे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘मधुमेह आणि रमजान’ या विषयावर काम करणाऱ्या तज्ज्ञांसोबत २०१६ साली मार्गदर्शिका काढली आणि २०२१ साली ती सुधारली. डॉक्टरांच्या या दस्तऐवजात इजिप्तच्या मुफ्तींचे मतही घेतलेले आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाने डॉक्टरांना भेटावे, असे ती सांगते. वय, मधुमेहाची वर्षे, औषधे, मूत्रपिंड आणि हृदयाची स्थिती, असे एकेक पाहून गुण द्यायचे आणि धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवायचे. ज्याचा धोका जास्त, त्याने रोजा न धरणेच योग्य. इतरांसाठी औषधांचे नवे वेळापत्रक, जे डॉक्टरांनीच आखायचे. आणि रोजेदारांसाठी दोन आकडे: साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा त्याच क्षणी सोडायचा. तब्येत बिघडल्यासारखी वाटली, तर आकड्याचीही वाट पाहायची नाही.

याने मोठे काम साधते. ‘मी रोजा मोडला’ ही बोचणी निघून जाते. नियम आधीच ठरलेला असतो, डॉक्टरांनीही मान्य केलेला आणि धर्मातही बसणारा. अब्बांनी फक्त तो पाळायचा असतो.

निर्णय आधी, वेळ नंतर

इथे आणखी एक मानसशास्त्रीय गोष्ट कामी येते. पीटर गोल्विट्झर या अभ्यासकाने १९९९ साली दाखवून दिले, की ‘मी काळजी घेईन’ असा मोघम निश्चय टिकत नाही. पण ‘अमुक झाले, तर मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवले, तर माणूस ते करण्याची शक्यता बरीच वाढते. अजानला वीस मिनिटे असताना, साखर उतरून मेंदू नीट चालत नसताना योग्य निर्णय सुचेल, ही अपेक्षाच चुकीची. तो निर्णय आधीच्या शाबान महिन्यात, पोट भरलेले आणि डोके शांत असताना घ्यायचा. ‘‘हात थरथरले, तर मी नातवाला हाक मारीन. तो मशीन आणेल. आकडा ७० च्या खाली असेल, तर मी लगेच रोजा सोडीन.’’ तीन वाक्ये. ती घरातल्या चार माणसांसमोर बोललेली असावीत. कारण ऐन वेळी अब्बांना ती आठवली नाहीत, तरी नातवाला आठवतील.

दस्तरखानाचेही तसेच. ‘गोड खाऊ नका, तळलेले खाऊ नका’ हे अब्बांना सांगून उपयोग थोडा. ते काही स्वयंपाकघरात नसतात. सांगायचे असेल, तर जी बाई दुपारी तीनपासून स्वतः रोजा असताना ओट्यापाशी उभी आहे तिला, आणि तेही हुकूम म्हणून नव्हे. तिला विचारावे, काय जमेल? बहुधा तीच सांगेल की, सरबताचा जग अब्बांच्या हाताजवळ ठेवायचा नाही, तिथे पाण्याचा तांब्या आणि ताक ठेवायचे. एक-दोन खजूर बशीत मोजून. भजी एक दिवसाआड, त्याऐवजी उकडलेले चणे कांदा-लिंबू घालून. आणि सहेरी लवकर उरकून झोपण्यापेक्षा शेवटच्या वेळेपर्यंत लांबवायची, तीही भाकरी, डाळ, अंडे अशी दमाने पचणारी. सहेरी उशिरा करणे आणि वेळ होताच इफ्तार करणे ही प्रेषितांची शिकवण. मधुमेहाचा डॉक्टरही हेच सांगतो. रात्रीची तरावीहची लांब नमाज हाही व्यायामच, असे मार्गदर्शिकेत धरले आहे.

नुसता उपदेश पुरत नाही

मग हे सगळे शुक्रवारच्या खुत्ब्यात सांगितले, की झाले? तेवढे सोपे नाही. बांगलादेशात ढाका शहरातल्या ४५ मशिदींमध्ये एक मोठा प्रयोग झाला. घरात सिगारेट ओढू नये, धुराने बायको-मुलांना त्रास होतो, हा संदेश इमामांनी धर्माच्या भाषेत दिला. नंतर घराघरांतल्या हवेतले सूक्ष्म कण मोजले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हवेत म्हणावा असा फरक पडलेला नव्हता.

हा निकाल लपवण्यासारखा नाही, शिकण्यासारखा आहे. मशिदीतला शब्द वजनदार असतो. पण सिगारेट घरात पेटते, गल्लीच्या टपरीवर मिळते, मित्राच्या हातून येते. शब्द एका ठिकाणी आणि सवय दुसऱ्या ठिकाणी असेल, तर मधले अंतर कोणीतरी भरून काढावे लागते. बोट टोचण्याची भीती मौलाना एका वाक्यात दूर करू शकतात, कारण तिथे अडचण समजुतीची आहे. पण मशीन कपाटातून दस्तरखानावर आणणे, हे काम घरातल्याच कोणीतरी करायचे आहे. मात्रा बदलणे डॉक्टरांचे. प्रत्येकाला आपापल्या वाट्याचे तेवढे काम द्यायचे, यालाच आखणी म्हणतात.

आणि शेजारच्या घरातही

हा प्रश्न फक्त मुस्लिम मोहल्ल्याचा नाही. आषाढी एकादशीला, श्रावणातल्या सोमवारी, नवरात्राच्या नऊ दिवसांत, हरतालिकेच्या निर्जळी उपवासात, पर्युषणात मधुमेही माणसे उपवास करतातच. तिथेही गोळ्यांचे गणित मनाने बदलले जाते. ताटभर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस ‘उपवासाचे’ म्हणून बिनधास्त खाल्ले जाते आणि मग साखर खाली जाण्याऐवजी भलतीकडे चढते. तिथल्या आजीही डॉक्टरांना काही सांगत नाहीत. कारण तेच. ‘‘ते रागावतील.’’

म्हणून गावातल्या डॉक्टरांनी, मग ते कुळकर्णी असोत की काझी, आपला एक प्रश्न बदलून पाहावा. ‘‘रोजे धरणार नाही ना?’’ याऐवजी ‘‘रमजान कधीपासून आहे? चला, तुमचे वेळापत्रक ठरवू,’’ असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाला रुग्ण खोटे उत्तर देतो. दुसऱ्याला खरे देतो, आणि मग ‘तुमच्या तब्येतीत यंदा रोजा नको’ हेही त्याला ऐकून घ्यावेसे वाटते. औषधाच्या दुकानदाराने महिनाभर आधी गोळ्या देताना ‘‘चाचा, रमजानची चिठ्ठी नवी करून आणली का?’’ एवढे विचारले तरी पुष्कळ. मशिदीत शेजारी बसणाऱ्याने ‘तुमचा रोजा आहे ना?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, एवढे पथ्य पाळले, तर कित्येक आजारी माणसांचा जीव हलका होईल. रोजा ही बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट आहे. तिची हजेरी घेण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

आता पुन्हा त्या घरात यावे. अजानला वीस मिनिटे आहेत. अब्बांच्या कपाळावर घाम आहे. पण या वेळी नातवाला काय करायचे ते ठाऊक आहे. तो मशीन घेऊन येतो, बोटाला टोचतो, आकडा मोठ्याने वाचतो: ६२. खोलीत क्षणभर कोणी बोलत नाही. मग सून बशीतला खजूर उचलून त्यांच्या हातावर ठेवते, कारण तसे आधीच ठरलेले असते. अब्बा हळू आवाजात बिस्मिल्ला म्हणतात आणि खजूर तोंडात टाकतात.

त्यांचे डोळे भरून येतात, हे कोणाच्या नजरेतून सुटत नाही. या रोजाची कजा कधी करायची, की फिदिया म्हणून कोणाला जेवू घालायचे, हे ते उद्या मौलानांना विचारतील. उद्याचा रोजा धरायचा की नाही, ते डॉक्टरांना. वीस मिनिटांनी अजान होते तेव्हा सगळ्यांबरोबर तेही दस्तरखानावर बसलेले असतात. हात थरथरायचे थांबलेले असतात, आणि दुआसाठी ते वर उठतात.